भाऊसाहेब खांडेकर

कै. विष्णू सखाराम खांडेकर यांचा जन्म १८९८ साली सांगलीस झाला. मूळ नाव गणेश आत्माराम. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात शिकत असता ते सावंतवाडीकडे दत्तक गेले. पुढे प्रकृती व पैसा दोन्ही साथ देईनात. पदवी न घेताच शिक्षण सुटले. हुशार मुलाचे नुकसान झाले असेच कोणासही वाटावे!

१९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले आणि १९३८ पर्यंत तेथेच रमले. मिठागरांच्या या गावात गरिबांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. तेच 'उल्का', 'दोन ध्रुव' अशा कादंबऱ्यांत उतरले. १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक मराठीत प्रथम त्यांनाच लाभले. पदवी हुकली म्हणूनच शिरोड्याला गुरुजी मिळाले आणि गुरुजींना शिरोडे!