राझिनचे अपुरे स्वप्न

अभिनेता, दिग्दर्शक आणि कादंबरीकार अशा तिन्ही नात्यांनी रशियन जनतेच्या मनात घर करणारे वासिली शुक्शिन यांना आयुष्य लाभले ते अवघे ४५ वर्षांचे. एवढ्या अवधीत त्यांनी पाच चित्रपट दिग्दर्शित केले, दोन कादंबऱ्या आणि शंभराहून अधिक कथा लिहिल्या. मात्र ज्या एका चित्रपटासाठी त्यांनी जिवाचे रान केले, तो अखेरपर्यंत पडद्यावर आला नाही.

सैबेरियातील अल्ताई प्रांतात, स्रोस्तकी या खेड्यात २५ जुलै १९२९ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सामुदायिक शेतीच्या सक्तीचे ते दिवस होते. १९३३ मध्ये वडिलांना अटक झाली आणि त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ‘जनतेच्या शत्रू’ची मुले म्हणून त्रास होऊ नये, यासाठी आईने वासिली आणि त्याच्या बहिणीला माहेरचे आडनाव लावले. सावत्र वडील महायुद्धात कामी आले. पुढे ओळखपत्र काढण्याची वेळ आली तेव्हा मुलाने वडिलांचेच आडनाव घेतले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

गाव सोडल्यावर त्यांनी कारखान्यांत मजुरी केली. नौदलात ते रेडिओ ऑपरेटर होते. पोटातील व्रणामुळे ती नोकरी सुटली. गावी परतून त्यांनी शालान्त परीक्षा दिली आणि रात्रशाळेत काम केले. १९५४ मध्ये ते मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत दाखल झाले. त्या प्रवासासाठी आईने घरची गाय विकली, असे सांगितले जाते. मिखाईल रोम यांच्या वर्गात आंद्रेई तारकोव्हस्की त्यांचे सहाध्यायी होते.

शिकत असतानाच अभिनय आणि कथालेखन सुरू झाले. १९६४ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला मोठा चित्रपट आला. नायक होता सैबेरियातील एक ट्रकचालक. पुढच्याच वर्षी ‘ल्युबाविन’ घराण्यावरील कादंबरी प्रसिद्ध झाली. गाव सुटलेला, पण शहरात न रुजलेला माणूस हा त्यांच्या लेखनाचा आणि चित्रपटांचा समान विषय. ही घालमेल त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आली होती.

सतराव्या शतकात शेतकरी आणि कोसॅकांचे बंड उभारणारा आणि १६७१ मध्ये मॉस्कोत देहदंड भोगणारा स्तेंका राझिन हा त्यांचा ध्यास होता. राझिनवरील त्यांची कादंबरी १९७१ मध्ये एका सैबेरियन मासिकात छापून आली. चित्रपटाला मात्र परवानगी मिळेना. शेतकऱ्यांच्या बंडाचा रक्तरंजित इतिहास अधिकाऱ्यांना अडचणीचा वाटत होता, शिवाय खर्चही अवाढव्य होता. अखेर शुक्शिन मोसफिल्ममध्ये गेले. तेथे आधी समकालीन विषयावर चित्रपट करावा, राझिनचे नंतर पाहू, असे ठरले.

त्यातूनच १९७४ मध्ये ‘कालिना क्रास्नाया’ पडद्यावर आला. तुरुंगातून सुटून खेड्यात नवे आयुष्य शोधणाऱ्या चोराची ही कथा. ती शुक्शिन यांचीच होती, दिग्दर्शन त्यांचे आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. नायिका होत्या त्यांच्या पत्नी लिदिया फेदोसेयेवा. ओळख न देता नायक म्हाताऱ्या आईला भेटतो, त्या प्रसंगात आई म्हणून अभिनेत्री नव्हे, तर खेड्यातील खरीखुरी वृद्धा दिसते. सहा कोटींहून अधिक प्रेक्षकांनी हा चित्रपट पाहिला.

आता राझिनची वाट मोकळी होईल, अशी आशा निर्माण झाली. त्याआधी सर्गेई बोंदारचुक यांच्या युद्धपटातील भूमिका पुरी करायची होती. दोन नदीच्या परिसरात चित्रीकरण चालू होते. कलावंतांचा मुक्काम बोटीवर होता. २ ऑक्टोबर १९७४ रोजी तेथील खोलीत शुक्शिन मृतावस्थेत आढळले. हृदय बंद पडले होते. त्यांच्या भूमिकेला दुसऱ्या नटाचा आवाज देऊन चित्रपट पूर्ण करण्यात आला.

मॉस्कोच्या नोवोदेविची स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर लेनिन पारितोषिक मिळाले. राझिन कादंबरीच्या पानांतच राहिला. ‘शत्रू’चे म्हणून एकेकाळी लपवावे लागलेले शुक्शिन हे आडनाव मात्र देशभर आदराने घेतले जाऊ लागले. स्रोस्तकीजवळच्या पिकेत टेकडीवर त्यांच्या जन्मदिनाच्या सुमारास वाचक जमू लागले, आणि २००४ मध्ये त्याच टेकडीवर त्यांचा अनवाणी बसलेला कांस्य पुतळा उभारण्यात आला.