कर्नल टॉड आणि त्याचा नकाशा

विंध्याच्या दक्षिण अंगाचे पाणी नर्मदेस मिळते, तर आमच्या माळव्यातील क्षिप्रा व काळी सिंध उत्तरेस चंबळेकडे जातात, हे धार-देवासकडील मुलांस ठाऊकच आहे. परंतु एके काळी युरोपियनांचा समज असा होता, की इकडील नद्याही नर्मदेसच मिळतात. रेनेल या भूगोलज्ञाने ती चूक सुधारली. तरी १८०६ पर्यंत उत्तम नकाशांतही राजपुताना बहुतेक कोराच होता आणि चितोड उदेपूरच्या आग्नेयेस दाखविलेले होते. ही उणीव भरून काढणाऱ्या जेम्स टॉड याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

टॉड याचा जन्म १७८२ साली इंग्लंडात झाला. १७९९ साली तो हिंदुस्थानात आला. पुढे दौलतराव शिंद्यांच्या दरबारी निघालेल्या इंग्रज वकिलातीबरोबर त्याची नेमणूक झाली. शिंद्यांची छावणी तेव्हा मेवाडात होती. वकिलातीच्या प्रवासात तो वाटा मोजीत व टिपणे करीत जाई. १८०७ साली शिंद्यांचे सैन्य राहतगडास वेढा घालून बसले असता, मोजके शिपाई घेऊन तो बेटवेपासून कोट्यापर्यंतचा अनोळखी मुलूख पाहून आला.

वाळवंटात त्याने आपली माणसे धाडली. शेख अबुल बरकत गुजरात, कच्छ व सिंध पाहून जैसलमेरवरून परतला. मदारीलाल सतलजच्या दक्षिणेकडील वाळवंट हिंडून आला. गाव किती कोसांवर, विहीर कोठे, हे सारे ते टिपून आणीत. टॉड ते तेथील रहिवाशांस विचारून ताडून पाही. अशा टिपणांचे अकरा खंड भरले.

दहा वर्षांच्या श्रमांनी सिद्ध झालेला हा नकाशा १८१५ साली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास सादर झाला, आणि १८१७ च्या मोहिमेची आखणी काही अंशी त्याच्याच आधारे झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरास क्षिप्रेकाठी महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला. पाठोपाठ धार व देवास येथील पवारांसही इंग्रजांशी तह करावे लागले. वाट दाखविणारे आपले, माहिती आणणारेही आपलेच. नकाशा मात्र परक्यांच्या कामी आला!

प्रकृती ढासळल्यामुळे टॉड १८२३ साली स्वदेशी परतला. त्याचा राजस्थानचा इतिहास १८२९ व १८३२ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात मराठ्यांविषयी त्याची लेखणी कठोर आहे; तथापि त्याचे परिश्रम नाकारता येत नाहीत. १८३५ साली तो निवर्तला.

आपला मुलूख आपणच पायांखाली घालून जाणला पाहिजे, हा या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो. नकाशा उघडताना टॉडबरोबर शेख अबुल बरकत आणि मदारीलाल यांचेही स्मरण असावे.