शंकेच्या वाटेवरची श्रद्धा

पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी (ता. ५) आणि जयंती (ता. २३) या दोन्ही एप्रिल महिन्यातच येतात. विधवांच्या शिक्षणासाठी झटलेल्या समाजसुधारक म्हणून पुणेकर त्यांना ओळखतात. मात्र, भीती, लाज आणि शंका यांच्याशी झगडत त्यांनी देवावरचा विश्वास कसा मिळवला आणि कसा टिकवला, ही कहाणी तितकीशी परिचित नाही. तिचा हा मागोवा.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव हे एक लहानसे स्थानक लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया या गावी आल्या. त्यांना घेऊन येणारी बाई ठेंगणी होती, तिला कानांनी नीट ऐकू येत नव्हते आणि एवढ्या माणसांना वर्षभर पोसता येईल इतका पैसा तिच्यापाशी नव्हता. पुण्यातील सुधारकांनी तिची साथ सोडून तीन-चार वर्षे झाली होती. सनातनी तर आधीपासूनच विरोधात होते आणि इंग्लंडमधील धर्मभगिनींनाही तिची स्वतंत्र वृत्ती रुचत नव्हती. तरीही त्या मुलींची पानेही मांडली गेली आणि त्यांच्यासाठी शाळाही उघडली गेली. हे बळ तिच्यात आले कोठून, याचे उत्तर शोधण्यासाठी तिच्या बालपणापर्यंत मागे जावे लागते.

उपासाचे दिवस

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान संस्कृत पंडित. विद्यार्थिदशेत ते पुण्याला शिकत होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवत असत. ते पाहून आपल्या पत्नीलाही शिकवायचे, हे अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले आणि लोकनिंदा सोसून त्यांनी ते तडीस नेले. पुढे याच लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या लेकीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. लोक दक्षिणा देत आणि तिचा मोठा भाग दानधर्मात जाई. देव प्रसन्न झाला की काही उणे पडणार नाही, अशी साऱ्यांची श्रद्धा होती.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची झळ लागली आणि त्या श्रद्धेची कसोटी सुरू झाली. पुराण ऐकायला कोणी येईना. शास्त्राध्ययनात वाढलेल्या मुलांना मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागायला लाज वाटे. भांडीकुंडी, दागिने, वस्त्रे विकून झाली. उरलासुरला पैसा व्रतवैकल्यांत गेला. अखेर तिरुपतीजवळच्या रानात पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर या कुटुंबाने अकरा दिवस काढले. दृष्टी गेलेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी पवित्र तलावात देह ठेवण्याचे ठरवले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि जातीचा अभिमान बाजूला ठेवून आपण मजुरी करू, असे त्याने सांगितले. पण तोवर फार उशीर झाला होता. मृत्यू समोर दिसत असताना अनंतशास्त्र्यांनी सोळा वर्षांच्या रमेला जवळ घेतले, सन्मार्ग सोडू नकोस असे बजावले आणि तिला देवाच्या हाती सोपवत असल्याचे सांगितले.

वडिलांपाठोपाठ आई गेली आणि मग थोरली बहीण कृष्णाबाईही. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे आली. चौथी बाजू रमेने उचलली. उंची कमी असल्याने तिला तो भार खांद्यावर पेलवेना, म्हणून तिने तो डोक्यावर घेतला आणि तीन मैलांवरचे स्मशान गाठले.

उरलेल्या बहीणभावांनी पायी चार हजार मैलांहून अधिक भ्रमंती केली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. शास्त्रात सांगितलेले सारे करूनही देव बोलला नाही, हा सल याच प्रवासात रमेच्या मनात रुजला. मूर्तिपूजेवरचा तिचा विश्वास उडाला. वडिलांनी ज्या देवाच्या हाती आपल्याला सोपवले तो कोण, हा प्रश्न मात्र तिने टाकून दिला नाही.

कोलकात्याहून पुण्याला

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थनासभा पाहिली. माणसे खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकत होती. त्यामुळे हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, असा या दोघांचा समज झाला. ब्राह्मण कुळात जन्मलेले लोक इंग्रजांबरोबर चहा-बिस्किटे घेताना पाहून कलियुग अवतरल्याची त्यांची खात्रीच पटली. पुढे आपल्या त्या समजुतींबद्दल रमाबाईंनी मिस्किलपणे लिहून ठेवले आहे.

१८८० मध्ये श्रीनिवासचेही निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय होता. सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. पण हा संसार दोन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचा बळी घेतला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती आणि रमाबाई चोवीसही पूर्ण नसलेल्या विधवा होत्या.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. विधवा असून उजळ माथ्याने वावरणारी, व्यासपीठावरून बोलणारी, जातीबाहेर लग्न केलेली ही स्त्री म्हणजे तेव्हाच्या पुण्याला एक आव्हानच होते. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. पंचहौद मिशनमधील धर्मभगिनींशी आणि काशीच्या पंडित घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या फादर नीलकंठ गोऱ्हे यांच्याशी त्यांचा परिचयही याच शहरात झाला.

बाप्तिस्म्यानंतरच्या शंका

वैद्यक शिकण्याच्या ओढीने १८८३ मध्ये रमाबाई मनोरमा आणि सहकारी आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडमधील वाँटेज येथे गेल्या. तेथे काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात बसलेला हा आघात जबरदस्त होता. त्यातच श्रवणशक्ती मंदावत गेल्याने डॉक्टर होण्याचे स्वप्नही विरले. त्या वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे ग्रंथवाचनाइतकाच एका अनुभवाचाही हात होता. लंडनच्या फुलहॅम भागात धर्मभगिनी एक आश्रयस्थान चालवत. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत असे. जिला घराचे दार बंद झाले, तिला कोणी पुन्हा जवळ घेते, हे रमाबाईंनी तेथे पहिल्यांदा पाहिले. पुढे त्यांनी विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचली. समाजाने हिणवलेल्या त्या स्त्रीशी येशू सन्मानाने बोलला, या प्रसंगाने त्यांचा निश्चय झाला.

मात्र, बाप्तिस्म्याने शंका संपल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, बिशपांची आज्ञा, मनोरमाच्या धर्मशिक्षणाचा हक्क अशा अनेक प्रश्नांवर त्यांचे सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. हा अहंकार आहे, असे त्या धर्ममातेला वाटे. रमाबाईंचे म्हणणे वेगळे होते. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून बाहेर पडले ते दुसरीचे जोखड घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची ठाम भूमिका होती. न पटलेली गोष्ट पटली असे म्हणणे त्यांना देवाशीच केलेली अप्रामाणिक वर्तणूक वाटे. पुण्यात धर्मबुडवी आणि वाँटेजला हट्टी, अशी दोन्हीकडची दूषणे त्यांनी सोसली.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून तेथे त्यांनी लोकमत जागे केले. बॉस्टनच्या संस्थेने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या.

बाहेर असे यश मिळत असताना आत मात्र पोकळी होती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे इतरांना उपदेश करणाऱ्या या गृहस्थाला एके दिवशी स्वतःच्याच व्यासपीठावर आपली श्रद्धा कोरडी असल्याचे उमगले होते. रमाबाईंना त्यात आपले प्रतिबिंब दिसले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास त्यांना कळून चुकले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला लाभलेला नाही. आधी स्वतःला लायक करावे आणि मग देवासमोर उभे राहावे, अशी त्यांची धडपड चालली होती. एका अर्थाने बालपणीच्या व्रतवैकल्यांचेच हे नवे रूप होते. आहोत तशाच देवाच्या हाती स्वतःला सोपवायचे, हे त्यांना तेव्हा उमजले. अनंतशास्त्र्यांनी मृत्युशय्येवर लेकीसाठी केलेली गोष्ट लेकीने स्वतःसाठी करायला सतरा वर्षे लागली.

उघडे दार

या परिवर्तनाची किंमत लवकरच मोजावी लागली. शारदा सदनात धर्मप्रसार होणार नाही, मुली आपापले आचार पाळतील, असे ठरले होते. रमाबाई सकाळी मनोरमासह स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. हे उघडे दार म्हणजे वचनभंगच, असा आक्षेप आला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार समितीतून बाहेर पडले आणि पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या. पालकांची भीती समजण्याजोगी होती, कारण त्यांनी मुली शिकण्यासाठी पाठवल्या होत्या. रमाबाईंपुढचा पेचही खोटा नव्हता. आपल्याच घरात श्रद्धा लपवून ठेवणे त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी दार लावून घेतले नाही आणि सदनही बंद केले नाही.

रोजच्या भाकरीचा हिशेब

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्याला रमाबाई पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. या पंधरांच्या पंधरा पट, म्हणजे २२५ मुली मिळाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून त्यांच्या डोळ्यांपुढे तिरुपतीचे रान उभे राहिले. एवढ्या मुलींना पोसणार कसे, या भीतीने त्या आधी कचरल्या, पण अखेर निघाल्या आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि शहरात इतक्या जणींना ठेवण्याची परवानगी मिळेना. सदनाच्या उत्पन्नासाठी केडगावला घेतलेली जमीन अशा वेळी कामी आली. त्याच काळात, १८९७ मध्ये, पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे जे हाल होत, त्यांवर त्यांनी वृत्तपत्रातून सरकारला उघडपणे धारेवर धरले.

१८९८ मध्ये अमेरिकेतील मदतीची दहा वर्षांची मुदत संपली. निश्चित उत्पन्नाची हमी नसताना, फक्त प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरसारख्यांची चरित्रे रमाबाईंनी वाचली होती. हे हिंदुस्थानात शक्य आहे का, हा प्रश्न त्यांना पडला होता. ‘मुक्ती’ हे त्याचेच उत्तर. पण विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे त्यांना भुकेने फार लवकर शिकवले होते. म्हणूनच मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि फळबागा उभ्या राहिल्या, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची व्यवस्था झाली. लाजेने तोंड लपवणाऱ्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे राहिले. फुलहॅमला जे पाहिले, ते त्यांनी केडगावात साकारले. गुजरातच्या दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास येथील स्त्रिया व मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्यांच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता ही तेथील रोजची प्रार्थना होती.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला वाहिली. प्रचलित मराठी भाषांतर खेड्यातील स्त्रियांना समजत नाही, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतप्रचुर भाषेची ही पंडिता अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल, असे सोपे शब्द शोधत राहिली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईवडील, भावंडे, पती यांच्यानंतर उरलेला एकमेव आधारही तुटला. तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंची प्राणज्योत मालवली. मुक्तीच्या छापखान्यात तयार झालेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

केडगावचे मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंवर तिकीट काढले आणि पाठ्यपुस्तकांनी त्यांना सुधारकांच्या मालिकेत बसवले. या मानाच्या जागेवरून त्यांचे निर्धाराचे रूपच दिसते आणि त्यामागची घालमेल झाकली जाते. शंका आली म्हणजे श्रद्धा संपली, असे मानून मनातल्या मनात खंतावणारी माणसे देवळात असतात तशी चर्चमध्येही असतात. रमाबाईंच्या आयुष्यात शंका अखेरपर्यंत श्रद्धेच्या सोबतीने चालली. भीती पूर्ण जाण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. दुष्काळी मुलींना आणायला निघाल्या तेव्हाही ती मनात होतीच.