बापूंचे स्वयंपाकघर

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर सेवाग्राम हे गाव आहे. तेथील आश्रमात मातीच्या भिंतींच्या व कौलारू छपरांच्या काही साध्या कुट्या आजही पाहावयास मिळतात. महात्मा गांधी या ठिकाणी राहत असत. स्वातंत्र्याच्या लढ्यातील कितीतरी मोठे निर्णय येथे झाले. देशोदेशींचे पाहुणे येथे आले. पण ज्या आवारात राज्यकारभाराचे गहन प्रश्न चर्चिले जात, त्याच आवारात भाजी कशी उकडावी, पालेभाजीचा कोणता भाग फुकट जातो, आजाऱ्याच्या ताटात काय वाढावे, यांचाही विचार तितक्याच गंभीरपणे होत असे. गांधीजींच्या दृष्टीने स्वयंपाकघर हे क्षुद्र स्थान नव्हते. ती त्यांची प्रयोगशाळा होती.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. त्यांचे कुटुंब वैष्णव व शाकाहारी होते. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी ते विलायतेस निघाले, तेव्हा मद्य व मांस यांना स्पर्श न करण्याचे वचन त्यांनी आपल्या मातोश्रींना दिले. वचन देणे सोपे होते. ते पाळणे कठीण होते. लंडनजवळ ज्या घरी ते उतरले, तेथे बेचव उकडलेली भाजी व पाव त्यांच्यापुढे येई. भिडस्त स्वभावामुळे आणखी मागणेही त्यांना जड वाटे. त्यामुळे कित्येक दिवस त्यांना अर्धपोटी राहावे लागले. पुढे लंडनमध्ये हिंडताना एक शाकाहारी भोजनगृह त्यांच्या दृष्टीस पडले आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.

याच काळात त्यांनी आपल्या आहारावर प्रयोग सुरू केले. घरून येणारे मसाले व मिठाई त्यांनी बंद केली. खर्च कमी करण्यासाठी खोलीतच ओटची लापशी व कोको ते स्वतः करू लागले. काही महिन्यांनी त्यांना एक नवल वाटले. जो उकडलेला पालक पूर्वी त्यांच्या घशाखाली उतरत नसे, तोच आता मसाल्यावाचून त्यांना रुचकर लागू लागला. पालक बदलला नव्हता; खाणाऱ्याचे मन बदलले होते. चवीचे खरे स्थान जिभेवर नसून मनात आहे, असा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला आणि तो जन्मभर विसरला नाही.

१८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील हिंदी लोकांच्या हक्कांसाठी लढताना त्यांनी फिनिक्स येथे व पुढे १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्मवर आश्रम उभारले. टॉल्स्टॉय फार्मवर हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती कुटुंबे एकत्र राहत. सर्वांचे स्वयंपाकघर एकच होते व अन्न शाकाहारी होते. दळण हाताने दळावयाचे, जेवण झाल्यावर आपले पात्र आपणच घासावयाचे, हा तेथील नियम होता.

दक्षिण आफ्रिकेतच एकदा कस्तुरबा फार आजारी पडल्या. मीठ व डाळ सोडल्यास गुण येईल असे गांधीजींना वाटले व त्यांनी तसा आग्रह धरला. कस्तुरबा सहजपणे म्हणून गेल्या की, कोणी सांगितले तर गांधीजींनाही या दोन वस्तू सोडवणार नाहीत. हे ऐकताच गांधीजींनी त्याच क्षणी एक वर्षपर्यंत मीठ व डाळ सोडल्याचे जाहीर केले. कस्तुरबांना अतिशय वाईट वाटले. आपण दोन्ही वस्तू सोडतो, पण हे व्रत मागे घ्यावे, अशी त्यांनी विनवणी केली. गांधीजींनी ते मागे घेतले नाही. दुसऱ्यास पथ्य सांगण्यापूर्वी ते स्वतः पाळले पाहिजे, असे ते मानीत. घरातील माणसांना मात्र हा बाणा कधीकधी फार जड जात असे.

त्यांचे सगळेच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. भारतात परतल्यावर १९१८ साली खेडा जिल्ह्यात काम करीत असता ते मुख्यतः भुईमुगाच्या दाण्यांचे लोणी व लिंबू यांवर राहत होते. त्यातून त्यांना आमांशाचा असा तीव्र विकार जडला की, ते मरणाच्या दारी जाऊन पोहोचले. दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते. शेवटी कस्तुरबांनी सुचविलेला शेळीच्या दुधाचा मार्ग त्यांना स्वीकारावा लागला. १९२९ साली न शिजविलेले अन्नच खाण्याचा प्रयोग त्यांनी केला. तोही प्रकृतीला मानवला नाही व त्यांनी तो सोडून दिला. प्रयोग फसला तर तसे उघडपणे लिहावयाचे व दुसऱ्या मार्गाने जावयाचे, ही त्यांची रीत होती.

१९३० साली दांडीयात्रेस निघताना, स्वराज्य मिळाल्याखेरीज साबरमतीच्या आश्रमात परत राहावयास येणार नाही, असा त्यांनी निश्चय केला होता. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी त्यांना आपल्या गावी येण्याचा आग्रह केला. १९३३ साली गांधीजी वर्ध्यास आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठी जमनालालजींनी वर्ध्यातील आपली बाग व घर दिले. त्या जागेस मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहू लागले.

मगनवाडीत गांधीजींनी सामुदायिक स्वयंपाकघराचा कारभार जातीने हाती घेतला. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो खेड्यातील गरीब माणसाचा. दूध व फळे ज्याला परवडत नाहीत, त्याचे शरीर कसे पोसावे? मग त्याच्या आवाक्यात काय आहे याचा त्यांनी शोध चालविला. गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा पौष्टिक कोंडा निघून जातो, म्हणून हातसडीचा तांदूळ वापरावा, असे त्यांनी सांगितले. मुळा, गाजर, सलगम यांचा पाला बहुधा टाकून दिला जातो. तो व मोहरी, शेपू यांची कोवळी पाने स्वच्छ धुऊन कच्ची खाण्याचा प्रयोग त्यांनी १९३५ साली केला आणि हरिजन पत्रात त्याविषयी लिहिले. कडुनिंबाच्या पाल्याची कडू चटणीही ताटात येऊ लागली. सोयाबीन त्या वेळी या भागात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तेही त्यांनी मगनवाडीत शिजवून पाहिले. आज विदर्भातील शेतांतून सोयाबीनचे पीक सर्वत्र दिसते.

१९३५ च्या डिसेंबरात रक्तदाब वाढून गांधीजी आजारी पडले. त्यानंतरच्या काळात ते कच्चा लसूण घेऊ लागले. पुष्कळ वैष्णव घरांत कांदा व लसूण वर्ज्य मानतात. वर्ध्याच्या लोकांना मात्र भाकरीबरोबर लसूणमिरचीची झणझणीत चटणी प्रिय असते. गांधीजींचा लसूण या दोहोंपेक्षा निराळा होता. तो निषिद्ध म्हणून त्यांनी टाळला नाही, किंवा जिभेचे चोचले पुरविण्यासाठीही घेतला नाही. औषध म्हणून मोजून घेतला. आजचे वैद्यकशास्त्र रक्तदाबाच्या औषधाची जागा लसणास देत नाही. पण त्या काळी अशी औषधे फारशी उपलब्ध नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगाव या खेड्यात गेले. खेड्यांची सेवा करावयाची तर खेड्यातच राहिले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. तेथे स्थानिक सामान वापरून अल्प खर्चात आदिनिवास बांधण्यात आला. विदर्भात शेगाव नावाचे दुसरे प्रसिद्ध गाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले.

सेवाग्रामच्या स्वयंपाकघरावर कस्तुरबांची देखरेख असे. दुपारचे जेवण अकराच्या सुमारास व सायंकाळचे सूर्यास्तापूर्वी होई. भाज्या चिरून, मिरची, मसाला किंवा फोडणी न घालता मऊ होईपर्यंत शिजवीत. मीठ ताटात वेगळे वाढीत. गांधीजींचे बहुतेक दात पडलेले असल्यामुळे असे मऊ, घोटल्यासारखे अन्न त्यांना सोयीचे होते. पंगतीत बसल्यावर ते जवळच्या माणसांना आपल्या हाताने पदार्थ वाढीत. ज्यांना त्या काळी अस्पृश्य समजले जाई, त्यांनी रांधलेले अन्न सर्वजण खात व एकाच पंगतीत बसत. गावातील पुष्कळांना हे रुचत नव्हते. परंतु या नियमात गांधीजींनी कधीही सूट दिली नाही. मिठाची सक्ती तेथे नव्हती, समतेची होती.

जून १९४२ मध्ये लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिले. वर्ध्याचा उन्हाळा भयंकर होता. पहिल्या जेवणात त्यांच्यापुढे पालकाची पाने व भोपळ्यासारख्या फळभाजीचे तुकडे घालून शिजविलेली भाजी, सालीसकट उकडलेले दोन लहान बटाटे, पोळ्या, गरम दूध व थोडे मीठ आले. बटाट्याला वर्ध्याकडे आलू म्हणतात. मसालेदार आलूची भाजी ज्याने खाल्ली आहे, त्याला हे ताट फारच फिके वाटले असते. फिशरसाहेबांनाही रोज तीच भाजी खाऊन कंटाळा आला व त्यांनी तो बोलून दाखविला. गांधीजींनी त्यांना भरपूर मीठ व लिंबू घालून पाहण्यास सांगितले. भाजीची चव मारून टाकावी असेच हे सांगणे आहे, असा विनोद पाहुण्यांनी केला. चव मारावयाची नसून वाढवावयाची आहे, असे उत्तर गांधीजींनी हसत हसत दिले. पाहुण्याची नावड त्यांनी रागाने घेतली नाही. मात्र पाहुण्यासाठी मसालाही मागविला नाही.

सालीसकट उकडण्याच्या या साध्या रीतीत शहाणपण आहे. भाजी फार पाण्यात उकडून ते पाणी फेकून दिले, तर त्याबरोबर काही जीवनसत्त्वेही निघून जातात. बटाटा सालीसकट उकडला तर ही हानी कमी होते. तथापि, बटाटा पौष्टिक भाजी म्हणून कितीही खावा, असे गांधीजींचे मत नव्हते. ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने त्यांना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. तेथे त्यांनी आरोग्याची किल्ली हे लहानसे पुस्तक लिहिले. बटाटा, रताळे, सुरण यांत पिष्ट पदार्थ अधिक असतो. म्हणून त्यांची जागा पालेभाजीत नसून धान्याच्या शेजारी आहे, असे त्यांनी त्यात दाखविले. बैठे काम करणाऱ्या माणसासाठी त्यांनी रोजचे प्रमाणही दिले. ते आजच्या मापात सांगावयाचे तर असे: दूध सुमारे ९०० ग्रॅम, धान्य १७० ग्रॅम, पालेभाजी ८५ ग्रॅम, इतर भाज्या १४० ग्रॅम आणि कच्ची भाजी २८ ग्रॅम. फळे मात्र ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यावी.

आगाखान पॅलेसमध्येच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. गांधीजींच्या बहुतेक प्रयोगांचा भार ज्यांनी चुलीपाशी बसून वाहिला, त्या निघून गेल्या. सुटकेनंतर गांधीजी पुन्हा सेवाग्रामला आले. परंतु देशात पेटलेल्या दंग्यांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडले. नोआखालीच्या खेड्यांतून ते अनवाणी फिरले, कलकत्त्यास व दिल्लीस शांततेसाठी त्यांनी उपवास केले. ज्याने जन्मभर अन्नाचा इतका विचार केला, त्यानेच वेळ येताच अन्न बाजूस ठेवले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. सेवाग्रामला परत येण्याचे राहून गेले.

गांधीजींसारखा बिनमसाल्याचा आहार सर्वांना साधणार नाही, आणि प्रत्येकाने तसाच आहार घ्यावा असेही नाही. त्यांचे काही निष्कर्ष काळाने खरे ठरविले, काही मागे पडले. पण आपल्या ताटातील घास कोठून आला, त्यातील काय वाया गेले, तो शेजारच्या गरिबालाही मिळतो की नाही, आणि तो रांधणाऱ्याला आपल्या पंगतीत जागा आहे की नाही, हे प्रश्न त्यांनी रोजच्या जेवणात आणले. सालीसकट उकडलेले दोन लहान बटाटे वाढताना त्यांना या साऱ्या प्रश्नांचा कधी विसर पडला नाही.