झेंड्याच्या खांबावरून इंग्रजांशी भिडलेला माओरी सरदार

६ फेब्रुवारी १८४०. न्यूझीलंडमध्ये वाइतांगी इथं इंग्रजांच्या राणीसोबतच्या करारावर माओरी सरदार सह्या करत होते. पहिली सही होती होने हेकेची. पुढच्या पाच वर्षांत याच हेकेच्या माणसांनी इंग्रजांच्या झेंड्याचा खांब चार वेळा पाडला.

मग असं काय बिनसलं?

हेके न्गापुही जमातीचा, मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला. कोरोरारेका बंदरात येणाऱ्या जहाजांकडून तो कर घ्यायचा. करारानंतर राजधानी ऑकलंडला गेली, जकात सरकार वसूल करू लागलं आणि व्हेल पकडणारी जहाजं दुसरीकडे वळली. थेट पोटावर पाय आला.

पण भांडण फक्त पैशाचं नव्हतं. कराराच्या इंग्रजी प्रतीत राणीला सार्वभौम सत्ता दिली होती. माओरी प्रतीत राणीकडे कारभार आणि सरदारकी मात्र सरदारांकडेच, असा अर्थ निघत होता. बहुतेक सरदारांनी सही केली ती माओरी प्रतीवर. त्यात बंदराच्या टेकडीवरचा खांब हेकेनेच दिलेला, तोही माओरींच्या झेंड्यासाठी. तिथं फडकायला लागला इंग्रजांचा झेंडा!

गव्हर्नर होता फिट्झरॉय, डार्विनला जगभर फिरवणाऱ्या बीगल जहाजाचा कप्तान. तिजोरी रिकामी, सैन्य तुटपुंजं. १८४४ मध्ये त्याने जकात उठवली, पण झेंडा सोडायची तयारी नव्हती. झेंडा गेला की सत्ताच गेली, हे त्यालाही कळत होतं. ११ मार्च १८४५ ला खांब चौथ्यांदा पडला. हेकेचा साथीदार कावितीने गावावर हल्ला केला, कोरोरारेका लुटलं गेलं, जळालं. चर्चना मात्र धक्का लागला नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. हेकेविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढला तामाती वाका नेने, तोही न्गापुहीच. करार करा म्हणून १८४० मध्ये बाकीच्या सरदारांना त्यानेच पटवलं होतं. हेकेला आवरायचा शब्दही त्याने गव्हर्नरला दिला होता. नेनेला गोऱ्यांसोबतचा व्यापार टिकवायचा होता. त्याला इंग्रजांचा चमचा म्हणणं सोपं आहे, पण चूक. जून १८४५ मध्ये हेके जबर जखमी झाला, तो इंग्रजांशी नाही, नेनेच्या माणसांशी लढताना.

जानेवारी १८४६ मध्ये रुआपेकापेकाचा किल्ला पडला आणि लढाई थांबली. नवा गव्हर्नर ग्रेने बंडखोरांना माफी दिली, जमीन घेतली नाही. तो खांबही पुन्हा उभारला नाही.

ऑगस्ट १८५० मध्ये हेके क्षयाने गेला, तेव्हा टेकडी मोकळीच होती. १८५८ मध्ये तिथं पुन्हा खांब उभा राहिला. त्यासाठी पुढाकार घेतला कावितीच्या मुलाने.