वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन
वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन (१९ ऑक्टोबर, इ.स. १८७१ - १ ऑक्टोबर, इ.स. १९४५) हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. होमिओस्टॅसिस ही संज्ञा त्यांनी रूढ केली. मात्र त्यांचे पहिले, आज काहीसे विस्मृतीत गेलेले संशोधन गिळण्याच्या क्रियेवर होते. क्ष-किरणांचा शोध लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी, इ.स. १८९६ मध्ये, हार्वर्ड येथे वैद्यकाचे विद्यार्थी असताना त्यांनी पाळीव हंसाला बिस्मथ भरवून त्याच्या लांब मानेतून उतरणारा घास पडद्यावर पाहिला. मानेच्या मणक्यांवर समोरून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा घास कोठे अडतो, श्वासमार्गात शिरतो का, हे आजही बेरियम देऊन याच तत्त्वावर तपासतात. किरणांपासून संरक्षणाची जाणीव त्या काळी नव्हती. त्याचे परिणाम कॅनन यांना उत्तरायुष्यात त्वचाविकाराच्या रूपाने भोगावे लागले.