न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

विद्यार्थिमित्रहो, वरच्या इयत्तांत ग्रीक लोकांच्या पुराणकथा वाचीत असता तुमच्या मनात एक प्रश्न खचित उभा राहिला असेल. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस हा स्पार्टाच्या राजाघरी पाहुणा म्हणून जातो व त्याची राणी हेलन हिला घेऊन पळतो. मग अकिलीस, ओडिसियस आदी ग्रीक वीर समुद्र ओलांडून ट्रॉयला दहा वर्षे वेढा घालतात व अखेरीस नगरी जाळून टाकतात. पुढे तोच ओडिसियस एकाक्ष राक्षसाच्या गुहेतून युक्तीने निसटून घरी येतो व जे धनुष्य दुसऱ्या कोणासही वाकविता आले नाही, ते लीलया चढवितो. आष्टीसारख्या गावी रामनवमीच्या कीर्तनांतून धनुर्भंग, सीताहरण व लंकेचे युद्ध ऐकत वाढलेल्या मुलास सहज वाटावे की, ही तर आपल्याच घरची गोष्ट! मग कोणी कोणापासून घेतली?

हाच प्रश्न गेल्या शतकाच्याही मागील शतकात मोठमोठ्या पंडितांपुढे होता, आणि त्यास उत्तर देण्यास पुढे आला तो मुंबईचा एक तरुण मराठी विद्वान. त्याचे नाव काशिनाथ त्र्यंबक तेलंग.

तेलंग यांचा जन्म मुंबईस 30 ऑगस्ट 1850 रोजी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. संस्कृत व इंग्रजी या दोन्ही भाषांवर त्यांनी सारखेच प्रभुत्व मिळविले आणि 1872 साली वकिलीस आरंभ केला. याच सुमारास बर्लिनचे प्रख्यात संस्कृतज्ञ प्रोफेसर वेबर यांचा रामायणावरील निबंध हिंदुस्थानात वाचला जाऊ लागला. वेबर यांचे म्हणणे असे की, रामकथेचे मूळ बौद्धांच्या दशरथजातकात आहे. त्या जातकात सीतेचे हरण नाही व लंकाही नाही. तेव्हा हा भाग होमरच्या काव्यातील हेलनच्या कथेवरून घेतला असावा.

वेबर हे युरोपात मान्यता पावलेले वृद्धिंगत कीर्तीचे आचार्य. तेलंग अवघे बावीस-तेवीस वर्षांचे. तरीही 1873 साली त्यांनी आपले उत्तर छापून प्रसिद्ध केले. त्यात संताप नाही, देशाभिमानाची आरडाओरड नाही. न्यायालयात साक्षीपुरावा तपासावा तसा त्यांनी एकेक मुद्दा तपासला. दोन कथांत वरवरचे साम्य असले म्हणजे एक दुसरीची नक्कल ठरत नाही. परस्त्रीचे हरण व त्यासाठी युद्ध ही गोष्ट कोणत्याही शूर समाजाच्या काव्यात स्वतंत्रपणे येऊ शकते, हे त्यांनी दाखविले. मूळ काव्ये शेजारी ठेवून पाहणारासही भेदच अधिक दिसतो. हेलन ट्रॉयमध्ये पॅरिसची पत्नी म्हणून राहते; सीता अशोकवनात रावणाकडे दृष्टीही टाकीत नाही. ट्रॉय पडते ती लाकडी घोड्याच्या कपटाने. लंका जिंकली जाते ती सेतू बांधून, समोरासमोरच्या युद्धात. पुढे 1893 साली जर्मनीचेच याकोबी यांनीही रामायणावरील आपल्या ग्रंथात वेबर यांचे हे मत अमान्य केले.

तेलंगांपुढे असाच दुसरा प्रसंग आला. भगवद्गीतेचा कर्ता नव्या कराराचा ऋणी आहे, असे लोरिन्झर नामक जर्मन पंडिताने 1869 साली प्रतिपादिले होते. त्यासही तेलंगांनी 1875 साली गीतेच्या आपल्या पद्यमय इंग्रजी भाषांतराबरोबर उत्तर दिले. मॅक्समुल्लर यांच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेत 1882 साली गीतेचे जे गद्य भाषांतर निघाले, तेही तेलंगांचेच. आम्हा ख्रिस्ती जनांस लोरिन्झर यांचे मत क्षणभर सुखावह वाटेल. परंतु दुबळ्या पुराव्यावर उभारलेली स्तुती प्रभूच्या शुभवर्तमानास नको आहे. सत्य हे आपल्या बाजूचे असो वा नसो, त्याची कसोटी एकच असली पाहिजे, हा धडा एका हिंदू पंडिताने आम्हांस घालून दिला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. लेसिंगच्या ज्या नाटकात यहुदी, मुसलमान व ख्रिस्ती एकमेकांस ओळखू लागतात, ते नाटक याच गृहस्थांनी मराठीत आणले, यात नवल नाही.

1885 साली मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत ते होते. 1889 साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि 1892 साली मुंबई विश्वविद्यालयाचे पहिले हिंदी कुलगुरू.

परंतु थोरांचे चरित्र लिहिताना उणे झाकू नये. संमतिवयाच्या कायद्यास पाठिंबा देणाऱ्या या सुधारकाने स्वतःच्या कन्येचा विवाह मात्र अल्पवयातच केला, व त्याबद्दल त्यांजवर टीका झाली. ग्रंथांतील पुरावा निर्भयपणे तोलणारा पुरुषही घरच्या रूढीपुढे नमला. होमरच्या अकिलीसाची टाच जशी दुर्बळ राहिली अशी दंतकथा पुढे रूढ झाली, तसे प्रत्येक वीराचे एखादे मर्मस्थान असते. आपले कोठे आहे, हे ज्याचे त्याने शोधावे.

1 सप्टेंबर 1893 रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तेलंगांचे देहावसान झाले. मुलांनो, उद्या तुम्हांस कोणी सांगेल की अमुक गोष्ट तमुकांनी आमच्याकडून चोरली, किंवा आम्ही त्यांच्याकडून. तेव्हा रागावू नका व हुरळूनही जाऊ नका. दोन्ही ग्रंथ उघडा, शेजारी ठेवा आणि आधी वाचा.